जमिनीच्या तडजोडीत बायांना बसवायचं तर: गावपातळीवरच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

गावात जमिनीचा एखादा तंटा मिटला असं कोणी सांगितलं, की एक प्रश्न विचारा: बैठकीला बाया किती होत्या? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "त्यांच्या घरची माणसं होती की." अशा ठिकाणी तंटा नुसता झाकलेला असतो. ज्या विधवेचा, बहिणीचा किंवा टाकलेल्या बायकोचा त्या जमिनीत हक्क आहे तिला कोणी विचारलंच नाही, तर पंचांनी केलेला कागद काही वर्षांतच उसवतो. ती किंवा तिची मुलं कोर्टात जातात, भावकीत पुन्हा दोन तट पडतात आणि या वेळी राग आधीपेक्षा जास्त असतो.

बचत गटात, महिला मंडळात किंवा ग्रामपंचायतीत नव्याने आलेल्या आणि या कामाला हात घालू पाहणाऱ्या बायांसाठी हा लेख आहे. कायदे, कचेऱ्या आणि नमुने महाराष्ट्रातले आहेत. कामाचा क्रम मात्र सोडू नका: आधी कागद, मग नोंद, मग ठराव, मग बैठक. पुष्कळ उत्साही गट थेट बैठकीपासून सुरुवात करतात. तिथे पहिलाच सवाल येतो, "सातबाऱ्यावर तुझं नाव कुठंय?" आणि बाई गप्प होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के होतं. म्हणजे हा सवाल जवळजवळ प्रत्येकीला ऐकावा लागणार आहे. त्याचं उत्तर हातात घेऊनच बैठकीला जायचं.

१. गावातले तंटे वहीत उतरवा

शंभर पानी वही घ्या आणि एका तंट्याला एक पान द्या. पानावर गट नंबर, वाद कोणाकोणात, कधीपासून, आत्ता तो कोणत्या कचेरीत आहे आणि ताबा कोणाचा, हे लिहा. त्याखाली सगळ्यात महत्त्वाचा रकाना: या जमिनीशी संबंध असलेल्या सगळ्या बाया. यात दोन्ही बाजूंच्या बाया येतात. सासरी गेलेल्या बहिणी, आत्या, विधवा सून, माहेरी परत आलेली मुलगी आणि समोरच्या पक्षाची भावजयसुद्धा.

तंट्याचा प्रकार ओळखला की कचेरी कळते.

- वारसाची नोंद राहिली किंवा चुकली: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि मंडळ अधिकारी.
- बांध कोरला, हद्द सरकली: उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज.
- वाट किंवा पाण्याचा पाट अडवला: तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत.
- नाव एकाचं, ताबा दुसऱ्याचा आणि उलट: सलोखा योजना (पायरी ८ पाहा).
- वनजमीन: ग्रामसभेची वनहक्क समिती.
- गायरान: तहसील कचेरी. इथे अतिक्रमण कधीपासूनचं आहे याचा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा.

गावातला सगळ्यात पेटलेला वाद पहिला घेऊ नका. ज्या घरात बाप वारलाय, वारस नोंद नुसती आळसाने राहिलीय आणि उघड विरोध कोणाचा नाही, अशी दोन-तीन प्रकरणं आधी पुरी करा. त्यातून कचेरी कळते आणि गावालाही कळतं की या बायांना कागद वाचता येतो.

२. कागद काढा आणि ओळ न् ओळ वाचा

प्रत्येक प्रकरणाला हे लागतं:

- सातबारा (गाव नमुना ७ आणि १२), ताजा. डिजिटल सहीचा महाभूमी या शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो.
- ८-अ, म्हणजे खात्याचा उतारा. त्या माणसाच्या नावावर गावात आणखी कुठे जमीन आहे ते यात दिसतं.
- सातबाऱ्यावर ज्यांचे नंबर आहेत ते सगळे फेरफार, म्हणजे नावांतल्या बदलाच्या नोंदी (गाव नमुना ६). हे कोणी मागत नाही, आणि खरी गोष्ट यांच्यातच असते.
- मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मुलींच्या जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, विधवेचा विवाह नोंदणी दाखला असल्यास तो.
- आधीचं वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूमनामा, असतील तर.

सातबारा वाचताना नजर तीन जागी थांबवा.

पहिली जागा: "ए.कु.मॅ." किंवा "एकुमॅ". म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या नोंदींत थोरल्या भावाचं नाव असं लागलेलं असतं आणि बाकी भाऊ-बहिणींची नावं सातबाऱ्यावर दिसतच नाहीत. पुढे त्या भावाच्या मुलांना वाटतं की सगळी जमीन आपल्या बापाचीच. मूळ फेरफार काढला की त्यात सगळ्या वारसांची नावं सापडतात.

दुसरी जागा: "इतर अधिकार" हा रकाना. कितीतरी गावांत मुलांची नावं कब्जेदार सदरी (म्हणजे मालकांच्या रकान्यात) आणि आई-बहिणींची नावं इतर अधिकारात टाकलेली आहेत. बाई खूश असते, "माझं नाव आहे सातबाऱ्यावर." पण बँक, मोजणीवाला आणि खरेदीदार कब्जेदार सदर बघतात. तिचं नाव कोणत्या रकान्यात आहे, हे बोट ठेवून तिला दाखवा.

तिसरी जागा: नावावर मारलेला कंस किंवा कमी झालेलं नाव. ज्या फेरफाराने नाव कमी झालं तो नंबर शेजारीच असतो. तो काढा. हक्कसोडपत्रामुळे कमी झालं असेल तर ते नोंदणीकृत आहे का, सही खरंच तिची आहे का, ते तपासा.

३. वाटा किती, हे बैठकीआधी मांडून ठेवा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, पण १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट संपली. मुलगी जन्मापासूनच मुलासारखी हिस्सेदार आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही. अडसर एकच: २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा मृत्युपत्राने दिलेली मिळकत, आणि नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेलं वाटप मोडता येत नाही. "तोंडी वाटणी झाली होती" हे उत्तर बहुतेक वेळा इथेच पडतं.

एक घर घेऊ. बाप वारला, मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन ४ एकर. जमीन बापाने कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तर चौघांना प्रत्येकी १ एकर. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी मनातल्या मनात वाटप धरायचं: बाप, आई, दोन मुलगे, मुलगी, असे ५ हिस्से, प्रत्येकी ३२ गुंठे. मग बापाचे ३२ गुंठे उरलेल्या चौघांत, प्रत्येकी ८ गुंठे. म्हणजे पुन्हा प्रत्येकी ४० गुंठे, १ एकर. हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. आईचा वाटा मुलांइतकाच आहे हे गावात बहुतेकांना ठाऊक नसतं, आईलाही नसतं.

नेहमी विसरले जाणारे हक्क:

- मुलगा बापाआधी वारला तरी त्याची विधवा आणि मुलं वारसात येतात. सुनेला वगळून वारस नोंद करणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे.
- नवऱ्याकडून वारसाने आलेली जमीन पुनर्विवाह केल्याने जात नाही.
- पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या बायकोला पत्नी म्हणून वाटा नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या हिश्श्यात हक्क आहे. हे तिला बैठकीआधी, एकटीला, नीट सांगा. चारचौघांत कळलं तर ती पुन्हा उभी राहत नाही.

मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, आणि मुलं असतील तर विधवेला आठवा भाग. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. पण "आमच्यात बाईला देत नाहीत" एवढ्याने आता भागत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात म्हटलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारणं समतेच्या हक्काविरुद्ध आहे.

४. नोंद: पोच घ्या आणि १५ दिवस जागे राहा

वारसाने हक्क मिळाला की ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम १४९). उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, अर्ज करायचाच. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन करता येतो. तलाठ्याकडे कागदावर दिलात तर दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

अर्जाबरोबर वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. चूक होते ती इथेच. प्रतिज्ञापत्र भाऊ करतो, टंकलेखकाला सांगतो "दोन मुलगे", आणि बहीण कागदावर जन्मालाच येत नाही. मसुदा टाइप होतानाच वाचा. सगळ्या मुलींची नावं, लग्नाआधीची आणि नंतरची, दोन्ही लिहा. २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या वारस नोंदींसाठी 'जिवंत सातबारा' मोहीम झाली. अशी मोहीम गावात आली की बायांच्या गटाने त्या दिवशी चावडीवर हजर राहायलाच हवं, कारण घाईत झालेल्या नोंदीत गळतात ती मुलींची नावं.

पुढचा क्रम असा: वारस नोंदवहीत (६-क) चौकशी, मग फेरफार, मग संबंधितांना नमुना ९ ची नोटीस आणि चावडीवर प्रसिद्धी. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते, नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सासरी गेलेल्या बहिणीची नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि भाऊच सही करून घेतो, हा दुसरा सापळा. अर्जात तिचा सासरचा पूर्ण पत्ता आणि तिचाच मोबाइल नंबर द्या. 'आपली चावडी' या शासनाच्या संकेतस्थळावर गावाच्या नोटिसा दिसतात. गटातल्या एकीने आठवड्यातून एकदा त्या बघायचं काम अंगावर घ्यावं.

नोंद चुकीची मंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील. दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि नोटीस मिळालीच नाही हे लिहा. नुसती लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती होते. हेही लक्षात असू द्या की फेरफाराने मालकी ठरत नाही. मालकीचाच वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा.

"तुकडेबंदी आहे, नावं लावता येत नाहीत," हे कारण कोणी पुढे केलं तर फसू नका. वारस म्हणून सामाईक नाव लागणं वेगळं आणि जमिनीचे तुकडे पाडणं वेगळं. नाव लावायला तुकडेबंदी आड येत नाही.

नवरा राजी असेल तर सोपी वाट आहे. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. पुढे शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं, त्यासाठी मुद्रांक लागत नाही.

५. महिला सभेतून ठराव

ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती नुसती रजिस्टरवर होते. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी मागणी करा, दवंडी आणि व्हॉट्सअॅप दोन्हीवर कळवायला लावा.

ठराव मोघम नको. "महिलांना न्याय मिळावा" या वाक्याने कोणाचंच काही अडत नाही. असा लिहा (यातल्या तंटामुक्त समितीबद्दल पायरी ६ पाहा):

"गावातील जमिनीच्या कोणत्याही वादाची तडजोड करताना त्या जमिनीत हक्क असलेल्या सर्व महिलांना बैठकीची लेखी सूचना किमान ७ दिवस आधी, त्या राहत असतील त्या पत्त्यावर द्यावी. त्यांच्या गैरहजेरीत झालेली तडजोड तंटामुक्त समितीने नोंदवून घेऊ नये. तडजोडीच्या मसुद्याचे जाहीर वाचन झाल्यावर सही करण्यापूर्वी ८ दिवसांचा अवधी द्यावा."

हाच ठराव ग्रामसभेत मांडा आणि सूचक-अनुमोदकाच्या नावांसह इतिवृत्तात आला का ते बघा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ती. शंभरातल्या साठ जणी तुमच्या असतील तर ठराव अडवणं कोणालाही कठीण जातं. त्यासाठी आदल्या आठवड्यात वस्तीवस्तीवर फिरा. दलित वस्ती, पारधी पाल आणि शेतमजूर बाया शेवटी नव्हे, आधी. जमिनीचा तंटा म्हटलं की आपला काय संबंध, असं भूमिहीन बायांना वाटतं. गायरान आणि वाटेच्या वादात सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो.

६. समित्यांमध्ये जागा

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. तिची समिती ग्रामसभेत निवडली जाते आणि तिच्यापुढे दिवाणी, महसुली, फौजदारी असे सगळे वाद येतात. अनेक गावांत ती आज कागदावरच आहे. ती जागी करून घ्या आणि निवडीच्या ग्रामसभेत नावं सुचवा. एकटी बाई नको, किमान तिघी द्या. एकटीला चहाचं बघायला लावतात. तिघींतली एक विधवा किंवा एकटी राहणारी असावी, एक भूमिहीन घरातली.

वनहक्क समितीत कायद्याचा आधार भक्कम आहे. समिती १० ते १५ जणांची, त्यात किमान एक तृतीयांश बाया. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, नाही तर ठरावच उडतो. विवाहित दावेदाराचं हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे निघतं. एकट्या बाईलाही स्वतंत्र दावा करता येतो. दावा भरतानाच तिचं नाव आणि फोटो पहिल्या पानावर घ्या. मागाहून घुसवलेलं नाव उपविभागीय समितीत गळतं. जमिनीच्या लढ्यात पुढे बाया आणि पट्ट्यावर नाव पुरुषाचं, हे कितीतरी आंदोलनांत झालं. बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनीच्या लढ्यात बायांनी हाच प्रश्न आपल्याच संघटनेला विचारला, तेव्हा कुठे १९८० च्या दशकात काही गावांत जमीन त्यांच्या नावाने झाली.

७. तडजोडीची बैठक

सगळी मेहनत इथे फळते किंवा वाया जाते.

*जागा.* देवळात नको, पारावर नको. पाळीच्या दिवसांत किंवा जातीमुळे जिथे एकही बाई यायला कचरते ती जागा बाद. शाळा किंवा अंगणवाडी बरी. सतरंजीवर बसायचं तर सगळे सतरंजीवर. पुरुष खुर्च्यांवर आणि बाया दाराशी जमिनीवर, अशी मांडणी दिसली की बैठक सुरू होण्याआधीच बदला.

*वेळ.* संध्याकाळी उशिरा नको, दारू पिऊन येणारे तेव्हाच येतात. पेरणी-काढणीच्या दिवसांत नको. सासरहून येणाऱ्या बहिणीची परतीची एसटी विचारून वेळ ठरवा.

*आधीची गाठ.* बैठकीआधी प्रत्येक बाईला वेगळी भेटा. नणंदेला आणि भावजयीलाही, वेगवेगळ्या दिवशी. भावजयीची भीती खरी असते: अर्धी जमीन गेली तर माझ्या लेकरांचं काय? तिला शत्रू समजून काम केलं तर तडजोड कधीच होत नाही. तिचा स्वतःचाही माहेरच्या जमिनीत वाटा आहे, हे गणित तिलाही मांडून दाखवा.

*बोलण्याचा क्रम.* हक्कदार बाई आधी बोलेल, मग बाकीचे, हे सुरुवातीलाच जाहीर करा. तिच्या शेजारी तिने निवडलेल्या दोन जणी. तिच्या वतीने नवरा, जावई किंवा दीर बोलायला लागला की, "त्यांचं त्या सांगतील, त्यांचं झालं की तुमचं ऐकतो," एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. चर्चा चालवणारी व्यक्ती दोन्ही पक्षांच्या भावकीतली नको. इतिवृत्त बाईनेच लिहावं आणि प्रत्येकीचं म्हणणं तिच्या नावापुढे लिहावं.

*पहिल्या बैठकीत निकाल नको.* पहिलीत फक्त म्हणणं आणि कागद, दुसरीत पर्याय. पर्याय खुले ठेवा. नाव बहिणीचं आणि कसणं भावाकडे, दरवर्षी ठरलेला हिस्सा लेखी, हा एक. विहिरीजवळची थोडी कमी जमीन हा दुसरा. जमिनीऐवजी रक्कम, पण आजच्या दराने आणि बँकेतून, हा तिसरा. यातलं काय घ्यायचं ते तीच ठरवील. बाईने जमीनच घेतली पाहिजे असा आग्रह आपण धरू नये, आणि तिने सोडलीच पाहिजे असा आग्रह दुसऱ्या कोणाला धरू देऊ नये.

बैठकीत हमखास येणारी वाक्यं आहेत: "माहेर तुटेल." "लग्नात दिलं की." "साडीचोळी करतोय ना दरवर्षी." यांवर वाद घालू नका. "हे लिहून घेते, आणि आता गट नंबरावर येऊ," असं म्हणून कागदाकडे परत आणा.

८. तडजोडीचा कागद

साध्या कागदावर पंचांच्या सह्यांनी लिहिलेली तडजोड म्हणजे आठवणीपुरता कागद. तिला जोर द्यायचा तर यांतली एक वाट धरा.

- *नोंदणीकृत वाटणीपत्र.* शेतजमिनीच्या वाटणीपत्राला १०० रुपयांचा मुद्रांक. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात.
- *जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप.* सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदाराकडे अर्ज. कोणी मालकीच नाकारली तर आधी दिवाणी न्यायालय.
- *सलोखा योजना.* जानेवारी २०२३ च्या निर्णयाने आलेली. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे किमान १२ वर्षं असेल तर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक आणि १,००० रुपये नोंदणी फीमध्ये होतो. मुदत चालू आहे ना, ते दस्ताआधी विचारून घ्या. तलाठी पंचनामा करतो तेव्हा दोन्हीकडच्या सहधारक बायांना बांधावर हजर ठेवा.
- *लोक अदालत.* दावा दाखल नसला तरी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण देता येतं. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. नाजूक प्रकरणाला ही वाट आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते. पण अपील नाही, म्हणून सहीआधी दुप्पट काळजी.

हक्कसोडपत्राबद्दल वेगळं सांगायला हवं. ते नोंदणीकृत असेल तरच चालतं, आणि एकदा नोंदलं की मोडायला कोर्टच. राखीला, भाऊबीजेला आलेल्या बहिणीला "बँकेच्या कर्जासाठी सही लागतेय" म्हणून दुय्यम निबंधक कचेरीत नेलं जातं. गटातल्या प्रत्येकीला एवढं पाठ असू द्या: त्या कचेरीत अंगठा आणि फोटो घेतात, तिथे नेलं की कागदाचं पहिलं पान वाचल्याशिवाय फोटोला बसायचं नाही. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाचं माणूस बरोबर हवं.

अंगठा देणाऱ्या बाईसाठी मसुद्यात ही ओळ घाला: "सदर मजकूर मला अमुक यांनी वाचून दाखवला, तो मला समजला." अमुक म्हणजे तिने निवडलेली व्यक्ती.

९. धमकी आणि मारहाण झाली तर

वाटा मागितल्यावर त्रास वाढतो, हे धरूनच चाला. काम सुरू करतानाच प्रत्येक हक्कदार बाईबरोबर ठरवा: फोन कोणाला करायचा, रात्र कुठे काढायची, मूळ कागद कोणाकडे ठेवायचे. मूळ कागद घरात नकोत.

- तातडीला ११२, महिलांसाठी १८१.
- घरातून काढलं, मारलं, तिची जमीन किंवा दागिने परस्पर विकायला निघाले: कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. राहत्या घरातून काढण्याविरुद्ध आदेश मिळतो.
- वाळीत टाकलं: सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- एकट्या बाईला डाकीण, करणी करणारी ठरवलं: जादूटोणाविरोधी कायदा २०१३. अशा आरोपामागे जमीन आहे का ते पहिल्यांदा तपासा आणि तक्रारीत गट नंबरासकट लिहा.
- वकील: बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती किंवा १५१००.

जिथे जिवाला धोका आहे तिथे बैठक घेऊ नका. मारणाऱ्याला आणि मार खाणारीला एका सतरंजीवर बसवून तडजोड होत नाही. आधी संरक्षण, जमिनीचं नंतर.

१०. सही झाल्यावर

दस्ताचा फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत वहीतलं पान बंद करू नका. त्यावर तिचं नाव कब्जेदार सदरी, बरोबर क्षेत्रासह आहे का ते बघा. मग मोजणी करून खुणा रोवून घ्या. मोजणीची नोटीस सगळ्या लगतदारांना गेली पाहिजे, आणि मोजणीच्या दिवशी ती स्वतः बांधावर उभी हवी. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, तिच्या नावाने मागा.

पहिल्याच हंगामात ई-पीक पाहणी तिच्या मोबाइलवरून, तिच्या हाताने करा. फोन नसेल तर गटातल्या कोणाचा वापरा, पण तिच्या खात्याची. भाऊ कसत असेल तर दरवर्षीचा हिस्सा रोख न घेता खात्यावर घ्यायला सांगा आणि त्या वर्षाचा करार नव्याने लिहा. मग ६ महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही घरी जाऊन या, आधी भावजयीकडे. वाट अडवली, मोटार बंद केली, बांध कोरला अशा बारीक कुरबुरी पहिल्या पावसाळ्यातच सुरू होतात, आणि वाट-पाण्याच्या दाव्याला ६ महिन्यांचीच मुदत आहे.